पथारीवरचं लाल विमान

नंदुरबारच्या मिरचीबाजारात मालावरून वाद पेटला की व्यापारी एकमेकांच्या आईबापांचा उद्धार करत, आणि करून दमले की प्रेमचंदभाऊंना बोलावणं जाई. प्रेमचंदभाऊ यायचे, ढिगात कोपरापर्यंत हात घालायचे, मूठभर मिरची उन्हात धरायचे आणि सांगायचे, "एक नंबर," किंवा, "अर्धी फटकी शे, कोनले फसाडतस?" फटकी म्हणजे रंग उडून पांढरी पडलेली मिरची. त्यांनी सांगितलं की वाद मिटला. शेठलोकांत कोणी कोणाचं ऐकत नाही, पण त्या डोळ्याचं ऐकायचे.

मूळचे कोरीट गावचे. गुजर पाटलांचं घर, जमीन चांगली, पण शेती धाकट्या भावाला जमली आणि यांना मिरचीच्या रंगानं ओढून नेलं. उभं आयुष्य गिरधरशेठच्या पथारीवर गेलं. पथारी म्हणजे गावाबाहेरचं उघडं मैदान. दिवाळी सरली की ओली लाल मिरची तिथं वाळायला पसरतात, ती होळीपर्यंत. सातपुड्यातून आलेल्या बाया दिवसभर ती उलथतात आणि फटकी वेगळी काढतात. वाऱ्यावर ठसका असा की नवा माणूस शिंकून शिंकून पळून जाईल. प्रेमचंदभाऊंना मात्र घरी गेल्यावर हवा बेचव लागायची. आणि एक नेम तिथं सगळे पाळत: मालावर चपलेनं जायचं नाही. लक्ष्मी आहे ती. शेठसुद्धा बूट काढून, पॅन्ट वर खोचून आत शिरायचा.

आता असल्या माणसाला विमानाचा नाद लागला, हे ऐकून कोणी हसलं तर त्याला दोष देता येणार नाही. रंजनाबाई, म्हणजे त्यांची बायको, तर कपाळावर हात मारून म्हणाल्या होत्या, "या वयमा इमान उडावतस! लोके काय म्हनतीन?"

दोष असलाच तर मयूरीचा. ही त्यांची एकुलती एक लेक. शहाद्याला कॉलेजात असताना तिनं कसल्याशा स्पर्धेसाठी फोमचं एक ग्लायडर आणलं. थर्माकोलसारखं हलकं, पण त्याहून चिवट. नाकाशी छोटी मोटर, पोटात बॅटरी, हातात रिमोट. मोटर लावून वर चढवायचं, मग मोटर बंद करायची. पंख्याची पाती मिटून नाकाला चिकटतात आणि पुढं सगळा कारभार वाऱ्याचा. मयूरी लग्न होऊन सुरतेला गेली. विमान कपाटावर राहिलं. एका रविवारी घर खायला उठलं म्हणून प्रेमचंदभाऊंनी ते खाली काढलं, आणि झालं, माणूस कामातून गेला!

सुरुवातीला काय तमाशे केले म्हणून सांगू! मोडलेला पंख जोडायला चपलेचं सोल्युशन लावलं, तर फोम त्यांच्या डोळ्यांदेखत विरघळला. विमान आपल्याकडं येत असलं की डावंउजवं उलटं होतं, हे कळेपर्यंत दोनदा बाभळीत घातलं. पण हवा त्यांना लवकर समजली. पथारीची उघडी जमीन दुपारी तापते, तिथून गरम वारा वर चढतो. शेजारच्या केळीच्या बागेवर गेलं की विमान खाली बसतं. घार जिथं पंख न हलवता गिरक्या घेते तिथं न्यायचं. मोटर बंद, आवाज नाही, आणि वर वर जाणारी ती पांढरी चिमटी. प्रेमचंदभाऊ मान वर करून उभे राहायचे आणि त्यांना खरोखर बरं वाटायचं. इतकं बरं त्यांना लेकीच्या लग्नानंतर कधी वाटलं नव्हतं.

मग एका हिवाळ्यात ते पांढरं विमान दिसेनासं झालं.

हवा निवळ होती, घार दिसत होती. विमान होतं तिथंच होतं, आणि यांना दिसत नव्हतं. अंदाजानं गिरकी मारून कसंबसं उतरवलं. मनाशी म्हणाले, पांढऱ्या आभाळात पांढरं कसं दिसणार, विमानच चुकीचं. मयूरीला फोन लावला. नवं घ्यायचं, मोठं घ्यायचं, पिवळं घ्यायचं.

पिवळं आलं. पंख लांब, चाल संथ. ते अंगणात घेऊन त्यांनी फोम दाबून पाहिला, पंखाच्या कडेवरून नजर टाकून बाक आहे का तपासलं, शेपटी हलवून पाहिली. मयूरी व्हिडिओ कॉलवर हसत होती. "आप्पा, विमान घेताय की बैल?"

तेही एका वर्षात नजरेआड व्हायला लागलं. आणि पथारीवर दुसरंच काही घडत होतं. ऊन चांगलं पडूनही मिरचीचा रंग त्यांना मातकट दिसू लागला. यंदा बियाणंच खराब, ते म्हणाले. पुढच्या वर्षीही तेच म्हणाले. मूठ उन्हात धरायची, ती जरा जास्त वेळ धरायला लागले. मग एक दिवस घरी लग्नाचं निमित्त सांगून ते एकटेच धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेले.

डॉक्टर तरुण होता, सरळ बोलला. डोळ्याची नस वाळत चालली आहे. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली टिकवायची. थेंब घाला, चुकवू नका. रंग फिके होतील.

"कोणता रंग?" प्रेमचंदभाऊंनी विचारलं.

"लाल आधी जातो बहुतेक."

प्रेमचंदभाऊ हसले. अहो, हसलेच! ज्यानं जन्मभर लाल रंग पाहिला, त्याला हा कालचा पोरगा सांगतो लाल जाणार! एसटीत बसेपर्यंत हसू टिकलं. दोंडाईच्याच्या पुढं ते खिडकीकडं तोंड करून बसले ते घर येईपर्यंत.

सांगितलं कोणालाच नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. औषधाची बाटली विमानाच्या खोक्यात, बॅटऱ्यांच्या शेजारी ठेवली. त्या खोक्याला रंजनाबाई हात लावत नसत. पथारीवर जुन्या नावावर दिवस निघत होते. आणि रविवारी विमान. त्यात आता गंमत उरली नव्हती, ती परीक्षा झाली होती. वर दिसलं की आठवडा बरा जायचा. दिसलं नाही की रात्रभर कूस बदलत पडायचे. अशी परीक्षा दर आठवड्याला स्वतःच घ्यायची आणि स्वतःच नापास व्हायचं, याला काय म्हणावं!

या माघात त्यांनी शेवटचं विमान निवडलं. सगळ्यांत मोठं, पंख आडवे धरले तर दारातून जाईना. मयूरी फोनवर सांगून थकली, "आप्पा, खालून काळं नाहीतर गडद निळं घ्या. भगभगीत आभाळात तेच उठून दिसतं. सगळे तेच घेतात."

"लाल पाहिजे."

"अहो पण का?"

"माझा डोळा लालचा आहे," ते म्हणाले. मयूरीला वाटलं म्हातारा हट्टाला पेटला. तिनं मागवून दिलं.

त्यांनी मनाशी पैज लावली होती. हे लाल विमान वर चढवायचं, घारीच्या बरोबरीनं फिरवायचं आणि मोकळ्या जागेत आपल्या पायाशी आणून उतरवायचं. जमलं तर तो डॉक्टर खोटा. नाही जमलं तर सोमवारी गिरधरशेठला सांगायचं, मला आता मिरची दिसत नाही. हे वाक्य त्यांनी मोरीत, नळ सोडून, हळू आवाजात एकदा म्हणून पाहिलं होतं. दुसऱ्यांदा म्हणवलं नाही.

आणि त्या रविवारी त्यांनी रंजनाबाईंना म्हटलं, "चाल, आज तुले दखाडस."

रंजनाबाईंना नवल वाटलं. इतकी वर्षं नावं ठेवली, पण बोलावलं कधी नव्हतं. त्यांनी नवी साडी नेसली, डब्यात शेव घेतली आणि स्कूटरवर मागं बसल्या. स्कूटर ते हळू, रस्त्याच्या अगदी कडेनं चालवत होते. रंजनाबाईंना वाटलं, साडी सांभाळतात.

पथारीच्या टोकाला थोडी मोकळी जमीन होती. पलीकडे मिरचीच मिरची, केळीच्या बागेपर्यंत. रविवार असला तरी बाया होत्या, वाळत आलेला माल रविवार पाहत नाही. त्यांच्यात कालीबाई होती, धडगावकडची, अनेक हंगाम याच पथारीवर काढलेली. घरात पावरी बोलायची, इथं मोडकीतोडकी अहिराणी. तिनं लांबून हात केला. प्रेमचंदभाऊंनी उलट हात केला नाही. रंजनाबाई म्हणाल्या, "ती हात करी ऱ्हायनी ना." तेव्हा त्यांनी केला, भलत्याच दिशेला.

विमान हातातून सुटलं. मोटर घरघरत चढत गेलं, आणि आहाहा! दिसत होतं! लाल, ठसठशीत. त्यांनी मोटर बंद केली. पथारीवरच्या वाऱ्यानं विमान अलगद उचललं. रंजनाबाई मान वर करून म्हणाल्या, "आवं माय! कसं घारसारखं फिरस!" प्रेमचंदभाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटा, तो धुळ्याचा पोरगा खोटा. त्यांनी आणखी एक गिरकी दिली, आणखी वर जाऊ दिलं. तिथंच थांबले असते तर. पण माणूस जिंकायला लागला की थांबतो कुठं?

विमानाचा लाल आधी विटकरी झाला. मग राखाडी. मग नुसता डाग, आणि डागाला ना नाक, ना शेपूट. येतंय की जातंय? त्यांनी डावीकडं वळवलं. डाग मोठा झाला, म्हणजे येत होतं, म्हणजे उजवीकडं वळवायला हवं होतं. त्यांनी वळवलं, आणि डाग गेला.

"कोठे शे?" ते ओरडले.

"तठे दखा ना! खाली उनं!" रंजनाबाई खाली येणाऱ्या विमानाकडं बोट दाखवत होत्या. बोट त्यांना दिसलं, बोटाच्या पुढं काही दिसलं नाही. तरी हाताची सवय होती. त्यांनी नाक जरा वर धरलं, विमान आपल्या वजनानं उतरू दिलं. सुकी मिरची खसखसल्याचा आवाज आला. विमान मालात उतरलं होतं. बायांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, मुद्दामच तसं उतरवलं.

लाल मिरचीत लाल विमान! आयुष्यभर ज्याला लालातला पांढरा दाणा सापडायचा, त्याला आता लालातलं लाल शोधायचं होतं. रिमोट रंजनाबाईंच्या हातात देऊन त्यांनी चपला काढल्या आणि ते मालात शिरले. पुढं सगळी मातकट जमीन, एकसारखी. ते थोडं चालले, थांबले, वळले. चेहऱ्यावर हसू ठेवलं होतं. बाया बघत होत्या ना.

"भाऊ, तठे नही," कालीबाई हसत म्हणाली. "इकडे, इकडे."

ते तिकडे गेले. कालीबाईचं हसू मावळलं. विमान सगळ्यांना दिसत होतं. खाटेएवढं विमान, उताणं पडलेलं.

"भाऊ, थांब! तुन्हा पायपासच शे!"

त्यांना वाटलं, अजून पुढं आहे. त्यांनी पाऊल टाकलं.

अनवाणी पायाला फोम आधी कळला. तो मऊ दबला, मग आतली काडी मोडली. ते पाय उचलायला गेले आणि दुसरा पाय शेपटीवर पडला. ते तसेच उभे राहिले, मोडलेल्या पंखावर. खाली वाकायचं तर कुठं वाकायचं, हेही त्यांना कळेना.

रंजनाबाई चपला तिथंच टाकून आल्या. त्यांनी नवऱ्याचा हात धरला, धरून बाजूला घेतलं. विमानाकडं पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडं. बराच वेळ पाहिलं.

"कव्हयपासून?"

प्रेमचंदभाऊ पायाला चिकटलेला फोम झटकत राहिले.

"ती खोकामधली बाटली," रंजनाबाईंचा आवाज चिरकला, "माले वाटनं, ते इमाननं तेल शे."

"डोयानं शे," ते म्हणाले. "उपेग नही त्याना."

कालीबाई जवळ आली होती. ती डोकं खाली घालून म्हणाली, ती आणि बाकीच्या बाया दोन हंगामांपासून भाऊच्या मागून ढीग पुन्हा निवडतात. शेठला कळू नये म्हणून. भाऊनं कधी त्यांची मजुरी कापली नाही, म्हणून. प्रेमचंदभाऊंनी ऐकलं. म्हणजे दोन हंगाम त्यांचा डोळा नव्हताच. दोन हंगाम लोक ज्या नजरेला मान देत होते ती या बायांची होती, आणि ते मूठ उन्हात धरून नुसता तमाशा करत होते. लाजेनं त्यांचे कान तापले. पण खरं सांगायचं तर लाजेपेक्षा थकवा जास्त आला.

ते खाली बसले. समोरून एक मिरची उचलली, देठाला धरली, सवयीनं उन्हात धरली. फिरवून पाहिली. मग, जन्मात पहिल्यांदा, दुसऱ्यापुढं केली.

"रंजना, हाई लाल शे ना?"

रंजनाबाईंनी मिरचीकडं पाहिलं. कालीबाईनं तोंड फिरवलं.

"लालच शे," रंजनाबाई म्हणाल्या. "चांगली लाल शे."

बायकोच्या आवाजावरून त्यांना कळलं की मिरची फटकी आहे. त्यांनी ती हळूच बाजूला, वेगळी ठेवली.