शेवटाला चढणारा सूर

चौथीपर्यंत मराठी शिकले, पण सूर माझा घरचाच राहिला. आमच्या गोंडी घरात साधं सांगणंसुद्धा शेवटाला वर चढायचं. मी शाळेत 'आंबील प्याले' म्हटलं तरी गुरुजींना वाटायचं, ही काहीतरी विचारतेय. वर्गातली मुलं माझी नक्कल करायची. राग यायचा.

आमच्या मुलखाचा सरकारी कारभार नागपूरहून चालायचा, तेव्हाची गोष्ट. कुरखेड्याकडे आत्याच्या घराचं छप्पर करायचं होतं, म्हणून बाप आणि मी घरामागच्या वाडीतले बांबू बैलबंडीत घालून निघालो होतो. जंगलाच्या नाक्यावर नाकेदाराने बंडी अडवली. हे चोरून तोडलेले आहेत, बंडी आणि बैल जप्त करतो, म्हणाला. पाऊस तोंडावर आलेला. बैल गेले तर धानाची शेती बुडालीच. बापाला मराठीचा गंध नव्हता. डोक्याचं फडकं काढून, मान खाली घालून तो उभा राहिला. बोलायचं ते मीच.

"बांबू आमच्या वाडीतले आहेत," मी म्हणाले.

"सांगून राह्यली का इचारून राह्यली?"

मी पुन्हा म्हणाले. भीतीने सूर आणखीच चढला.

"पाहा! हिलेच खात्री नाई," तो हसला आणि बैलांच्या गळ्याचे जोत सोडू लागला.

शब्द बरोबर, व्याकरण गुरुजींनी घोटून घेतलेलं, आणि तरी खोटी मीच! माझं डोकं फिरलं. मी त्याचाच सूर उचलला. एकेक शब्द जमिनीवर आपटावा तसा टाकला आणि शेवटचा सगळ्यात खाली.

"बांबू आमच्या वाडीतले आहेत. चला, तोडलेली बेटं दाखवते."

त्याचा हात थांबला. त्याने मला आता पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"मंग पयलेच असं सांगाचं नं, बाई," म्हणत त्याने नाक्याचा बांबू वर केला.

मी हवेतच होते. बाप शाबासकी देईल म्हणून वाट पाहिली, पण तो फडकं पुन्हा डोक्याला बांधून बैल हाकत राहिला. शेवटी नाल्याशी बंडी थांबली, तेव्हा मीच गोंडीत म्हणाले, "सुटलो आपण."

तोंडात अजून नाकेदाराचाच सूर होता. बापाने चटकन डोक्याचं फडकं काढलं आणि माझ्यापुढे मान खाली घातली.