मामांची हलकी बॅटरी

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मिळून जेवढी वीज खेळते, तिच्यातल्या प्रत्येक युनिटची वैयक्तिक काळजी वाहणारा एकच माणूस मला माहीत आहे, आणि ते माझ्या बायकोचे मामा आहेत. रांजणगावच्या एका कारखान्यात मेंटेनन्स खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. निवृत्त होताना कारखान्याने त्यांना घड्याळ दिलं आणि त्यांनी कारखान्याचा क्लॅम्प मीटर, म्हणजे वायरीला चिमटा लावून करंट मोजायचं यंत्र, रीतसर अर्ज करून मागून घेतला. घड्याळ कपाटात आहे. मीटर शर्टाच्या खिशात असतो, त्यामुळे मामांचे सगळे शर्ट डावीकडे ओघळलेले आहेत. कोणाकडे जेवायला गेले की ते आधी स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या वायरीला चिमटा लावतात आणि मग पाटावर बसतात. "वहिनी, कालवण झ्याक झालंय, पन तुमचा मिक्सर लई खातोय," ही त्यांची पावती. आमच्या लग्नात वधूवरांना आशीर्वाद देण्याआधी त्यांनी मांडवाचं अर्थिंग तपासलं. ते समाधानकारक नव्हतं, त्यामुळे आशीर्वाद वीस मिनिटं लांबणीवर पडला. मांडववाल्याने खड्डा खणून त्यात मीठ, कोळसा आणि पाणी ओतलं, तेव्हाच मामा स्टेजवर चढले.

माणसांची चौकशीही ते टक्क्यांत करतात. "कशी हाय तब्येत?" असं त्यांनी कोणाला विचारलेलं माझ्या ऐकण्यात नाही. "कितीवर हाय?" असं विचारतात. पाळकसाहेब आजारी पडले तेव्हा मामा त्यांना पाहून आले आणि चर्चच्या पायरीवर जमलेल्या मंडळींना म्हणाले, "पन्नासवर हायेत, पन चार्ज घेत्यात." मंडळींना या बातमीने डॉक्टरच्या रिपोर्टापेक्षा जास्त धीर आला. मी बातमीदारीत इतकी वर्षं काढली, पण एवढ्या कमी शब्दांत एवढी अचूक प्रकृतीवार्ता मला कधी देता आली नाही.

निवृत्तीनंतर मामांनी ट्रॅव्हल ट्रेलर बांधला, म्हणजे जीपच्या मागे जोडून ओढत न्यायचं एका खोलीचं घर. दोन चाकांच्या जुन्या सांगाड्यावर पत्र्याची खोली उभी राहिली. तिच्यात पलंग, ओटा, खिडक्यांना जाळी, छतावर सोलर. शिरूरच्या जुन्या मिशन कंपाउंडात, चिंचेखाली, तो दोन वर्षं तयार उभा होता. कंपाउंडबाहेरच्या लोकांनी मात्र त्याला शेवटपर्यंत ट्रेलर म्हटलं नाही. खिडकी आहे, ओटा आहे, चाकं आहेत, म्हणजे काय असणार हे त्यांनी आपापल्या बुद्धीने ठरवलं होतं. "मामा, चायनीज कवा सुरू करताय?" असं रोज एक तरी जण विचारायचा. मामा रोज त्याला ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावून सांगायचे. ऐकून घेऊन तो म्हणायचा, "बरं बरं. पन मंचूरियन ठेवा."

हा खटाटोप मामींसाठी होता. मामा तसं कधी बोलले नाहीत, पण ट्रेलरमधल्या ओट्याची उंची मामींच्या कोपराच्या मापाने घेतली होती आणि खिडकी त्यांच्या उशाला. मामी मुलींच्या वसतिगृहाच्या मेट्रन होत्या. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुली आता धुळे, जालना, सातारा अशा कुठे कुठे संसाराला लागल्या होत्या आणि दर नाताळला एकच निरोप पाठवत होत्या: बाई, एकदा तरी या. मामींना कोणाच्या घरी पाहुणी म्हणून जाणं आवडत नसे. सून असते, सासू असते, आपल्यामुळे कोणाला अंथरूण सोडावं लागतं. म्हणून मामांनी ठरवलं होतं की घरच बरोबर न्यायचं आणि मुलीच्या दारात उभं करायचं. मामींनाही हे पटलं होतं. त्यांची एकच अट होती.

"माझा पाटा-वरवंटा येणार असेल तर मी येते."

मुली भेटल्या की पाट्यावरची शेंगदाण्याची चटणी मागणार, हे मामींना माहीत होतं. वसतिगृहात दर शनिवारी त्या ती चटणी वाटायच्या. मिक्सरमध्ये चटणी तापते आणि तापलेली चटणी त्यांच्या मते चटणी नसते, पूड असते. पण मामींचा पाटा हा काळ्या दगडाचा, माहेरहून आलेला, दोन माणसांनी उचलायचा पाटा होता. मामांनी ट्रेलरमध्ये चमच्यांचीसुद्धा वजनं करून दांडे कापून आखूड केले होते. "अगं, गाडीय का खाण?" ते म्हणाले. "दगूड न्यायचा म्हंजी काय? मिक्सर लावतो की तुला."

मिक्सर लावला. त्या दिवशी मी हजर होतो. तेव्हा ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर, लोखंडी पेटीत, शिशाच्या दोन दांडग्या बॅटऱ्या होत्या. मामींनी भांड्यात शेंगदाणे, लसूण, तिखट घातलं आणि बटण फिरवलं. इन्व्हर्टर किंचाळला, दिवा गेला, पंखा गेला आणि शेंगदाणे अर्धे फुटून तसेच राहिले. मामी भांडं घेऊन मागच्या पडवीत गेल्या, पाट्यावर चटणी पुरी वाटली, आणून मामांच्या ताटात वाढली आणि आत जाऊन वाती वळाव्यात तशा शांतपणे वर्तमानपत्र वाचत बसल्या. मामांनी ती चटणी खाल्ली आणि त्याच दिवशी पुण्याला मोठ्या लिथियम बॅटरीची ऑर्डर दिली.

ती टेम्पोतून आली तेव्हा मामांनी बारशाला बोलवावं तसं कंपाउंडला बोलवलं. "शिशाची बॅटरी म्हंजी आपले काही नातेवाईक असत्यात ना, तशी," ते जमलेल्यांना समजावत होते. "शंभराचं बोलायचं आन् पन्नासाला हात वर. त्याच्या खाली काढायला गेलं की कायमचं तोंड फिरवत्यात. ही तशी न्हाई. ही शेवटपतुर देती." कोणाचे कोणते नातेवाईक, यावरून गर्दीत थोडी कुजबुज झाली. मग मामांनी ती बॅटरी एकट्याने उचलून छातीशी धरून दाखवली. जुन्या दोन मिळून एकशेवीस किलो होत्या, ही बत्तीस. "अठ्ठ्याऐंशी किलो वाचले!" मामांनी जाहीर केलं आणि पेढे वाटले. कोणाचं वजन घटलं म्हणून पेढे खाण्याची कंपाउंडातली ती पहिलीच वेळ.

या बॅटरीचं माहितीपुस्तक मामांनी पानापानाने वाचलं. त्यात लिहिलं होतं की तापमान शून्याच्या खाली असताना चार्जिंग करू नये. मामांनी मामींना बॅटरीसाठी गोधडी शिवायला सांगितलं.

"शून्याच्या खाली? शिरुरात?" मामी म्हणाल्या. "एवढा गारठा पडला तर बॅटरीच्या आधी मी जाईन."

"तुझ्यासाठी बी एक शिव," मामा म्हणाले.

गोधडी शिवली गेली, जुन्या जांभळ्या लुगड्याची, कडेने टाके घातलेली. पुढे उन्हाळ्यात तिच्या जागी ओलं गोणपाट आलं. बाहेरच्या पेटीत एवढी नाजूक वस्तू ठेवायची नाही म्हणून मामांनी बॅटरी आत घेतली आणि ट्रेलरच्या पार मागच्या टोकाला, पलंगाखाली, स्वतःच्या उशाच्या बाजूला बसवली. पुढची पेटी रिकामी झाली.

लिथियमचा पहिला फटका कंपाउंडातल्या चर्चला बसला. रविवारी भक्ती चालू असताना लाइट गेली की लाउडस्पीकर मामांच्या बॅटरीवर चालायचा. जुन्या बॅटरीच्या काळात मामा पहिल्या बाकावर बसून पाळकसाहेबांना बोटांनी शिल्लक दाखवायचे. पाच बोटं म्हणजे अर्धी, दोन बोटं म्हणजे आवरा. दोन बोटं वर झाली की पाळकसाहेब बायबलच्या गोष्टीतल्या, घर सोडून गेलेल्या उधळ्या पुत्राला जिथे असेल तिथून थेट घरी आणायचे. आता मामांचा हात मांडीवरून हलेना. त्या रविवारी पाळकसाहेबांनी उधळ्या पुत्राला पूर्ण रस्ता चालवला, वाटेत थोरल्या भावाची बाजूही मांडली आणि एकच्या सुमाराला मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मामा, जुनीच बरी होती की वो."

मिक्सर मात्र फिरला. न किंचाळता, न दमता फिरला. मामींनी चटणी बोटाने चाखली, ती गरम होती, पण मामांच्या तोंडाकडे पाहून त्या म्हणाल्या, "ठीक आहे. आधी खुटबावपर्यंत जाऊन बघू." खुटबावला त्यांच्या मुलींपैकी एक राहत होती. तिला निरोप गेला. मामी प्रथमच निघणार म्हणून मला साक्षीदार नेमण्यात आलं. जीप मामा चालवत होते, शेजारी मामी, मागच्या सीटवर मी, आणि मागे ट्रेलर. मांडवगण फराट्यापर्यंत मामा तीस-चाळीसच्या वर गेले नाहीत आणि सगळं बरं चाललं. भीमा ओलांडून दौंड तालुक्यात आल्यावर सरळ रस्ता लागला, मामांनी जरा पाय दिला आणि ट्रेलर नाचायला लागला. आधी लाजत, मग लेझमीसारखा, आणि मग त्याने जीपलाच डावी-उजवी करायला लावलं. आरशात कधी ट्रेलरची डावी खिडकी दिसायची, कधी उजवी. आतून चमचे पडल्याचा आवाज आला. आखूड दांड्यांचे, हलके चमचे. मामांनी हळूहळू वेग उतरवून जीप कडेला घेतली.

मामींनी वरची कडी दोन्ही हातांनी धरली होती. ती सोडून त्यांनी पदर सारखा केला, पिशवी घेतली आणि खाली उतरल्या.

"अहो, मी एसटीने जाते. खुटबावला, आणि घरी परत पण एसटीनेच. याच्यात मी पुन्हा बसायची नाही."

हे त्यांनी रागाने म्हटलं असतं तर चाललं असतं. पण वसतिगृहाची वेळ संपल्याची घंटा वाजवावी इतक्या साध्या आवाजात त्या म्हणाल्या. मामांनी खिशातून मीटर काढला, त्याच्याकडे पाहिलं आणि परत ठेवला. ते त्या क्षणी कितीवर होते, हे मी विचारलं नाही.

मागून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर येत होता. साखर कारखान्याचा हंगाम चालू होता. ड्रायव्हरने ट्रॅक्टर थांबवून गाण्याचा आवाज कमी केला. "मामा, डबा लई नाचतोय तुमचा! लग्नाचा हाय काय?" खाली उतरून त्याने ट्रेलरला एक फेरी घातली आणि मागच्या कोपऱ्यावर एका हाताने दाबलं. मागचा भाग खाली गेला आणि पुढचा दांडा जीपच्या हुकाला कुरकुरत वर ओढला गेला. "ह्ये बघा. सगळा बोजा मागं टाकलाय. फुडं काय न्हाई व्हय?"

"व्हतं," मामा म्हणाले. "एकशेवीस किलो व्हतं. काढलं."

"कुनाच्या सांगन्यावरून?"

पस्तीस वर्षं मशीनं दुरुस्त करणाऱ्या माणसाला ऊस ओढणाऱ्याने एका हाताने शिकवलं होतं. ड्रायव्हरने आपल्या ट्रॉलीतून उसाच्या पाच मोळ्या ओढून काढल्या आणि रिकाम्या पेटीवर दोरीने आवळल्या. "ट्रॉली असू नायतर बंगला असू, वजन फुडं पायजे. चला आता, म्या मागं हाय. बसा मामी, न्हाई नाचत."

मामींनी मामांकडे पाहिलं. मग उसाकडे पाहिलं. मग बसल्या. खुटबावपर्यंत ट्रेलर शाळेतल्या पोरीसारखा सरळ आला. त्या मुलीने, जिच्या केसांत आता पांढरं दिसत होतं, दारात मामींच्या गळ्यात पडायच्या आधी विचारलं, "बाई, पाटा आणलाय ना?"

त्याच संध्याकाळी आम्ही तिघं ट्रेलरसकट शिरूरला परतलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी मला कंपाउंडात बोलवून घेतलं. पडवीत भंगारवाल्याकडचा वजनकाटा मांडला होता. मामी दारात उभ्या होत्या.

"अगं," मामा घसा साफ करून म्हणाले, "तुझा त्यो पाटा जरा लागनार हाय. टेक्निकल कारन हाय."

"वरवंटा?"

"त्यो बी."

मी आणि मामांनी पाटा काट्यावर ठेवला. मामांनी आकडा कागदावर लिहिला.

"खलबत्ता?" मामींनी विचारलं.

"चालंल."

"बिडाचा तवा?"

"आन."

"मग झालं?"

मामांनी बेरीज करून ती वाचलेल्या अठ्ठ्याऐंशीतून वजा केली. "अजून एकवीस किलो लागत्यात."

मामी आत गेल्या आणि पलंगाखालून एक पत्र्याची ट्रंक ओढत बाहेर घेऊन आल्या. ती भरलेली होती. मुलींसाठी घेतलेली लुगडी, त्यांच्या पोरांसाठी विणलेले स्वेटर, सगळं घड्या घालून, मध्ये कडुलिंबाचा पाला घालून ठेवलेलं. पाला पार वाळून चुरा झाला होता. मामांनी तो चुरा पाहिला, चिमटीत धरला आणि ट्रंक काट्यावर ठेवली. ती तेवीस किलो भरली. "दोन जास्ती हायेत," मी म्हणालो. "ऱ्हाऊ द्या, जावईबापू," मामा म्हणाले. एका किलोसाठी चमचे कापणाऱ्या माणसाच्या तोंडून हे वाक्य मी स्वतः ऐकलं आहे.

ते दोघं आता दीड महिना बाहेर आहेत. इथे रविवारी लाइट गेली की लाउडस्पीकर बंद पडतो, मंडळी मागचे बाक सोडून पुढे सरकून बसतात आणि पाळकसाहेब त्यांच्याशी घरात बोलावं तसं हळू बोलतात. चिंचेखाली ट्रेलरच्या जागेवर गवत उगवलंय. मी संध्याकाळी मामींच्या कुंड्यांना पाणी घालायला जातो. पडवीत पाटा होता तिथे फरशीचा एक चौकोन उरला आहे, मूळच्या रंगाचा, ओला असल्यासारखा. त्याच्यावर पाय पडू नये म्हणून मी कडेने जातो.

मामांचा फोन रोज येतो. गावाचं नाव शेवटी सांगतात, आकडा आधी. काल म्हणाले, "अठ्ठ्याण्णव!" मागे बायकांचा कलकलाट आणि दगडावर दगड घासल्याचा आवाज येत होता. जालन्यात होते. तिघी मुली ट्रेलरच्या पुढे पाट्याभोवती बसल्या होत्या आणि वाटायची पाळी कोणाची यावरून भांडत होत्या.

"मामा, अठ्ठ्याण्णव म्हणजे काहीच वापरली नाही," मी म्हणालो. "मिक्सर?"

"खोक्यात हाय."

"मग एवढी मोठी बॅटरी घेऊन उपयोग काय झाला?"

पलीकडे वरवंटा चालूच होता. मग मामा खालच्या आवाजात, मामींना ऐकू जाऊ नये इतपत, म्हणाले, "हलकी हाय ना ती."