उम्म नवाफच्या गाठी

आमच्या निर्वासितांच्या छावणीत बायकांचे कपडे शिवावेत ते उम्म नवाफनंच. सीरियातल्या दराआहून लढाईत पळताना तिनं घराची किल्ली, कात्री आणि दोऱ्यांचा डबा तेवढा आणला. बाईचं माप परक्या पुरुषाला कळू नये, ही आमची रीत. म्हणून ती आकडे लिहीतच नाही. प्रत्येकीचा एक दोरा आणि त्यावर गाठी. कुठल्या गाठीचा अर्थ काय, हे दर दोऱ्याला वेगळं आणि फक्त तिच्या डोक्यात. माझ्या नवऱ्यानं माझा दोरा दोनदा चाचपून पाहिलाय, बावळटानं!

दुकानात यंत्राला डोळा दाखवला की ते माणूस ओळखतं आणि रोटी मिळते. त्या वर्षी नवं यंत्र आलं आणि कचेरीतला रामी पुन्हा नोंदणी करायला बसला. उम्म नवाफची सून हनीन भीतीनं मागे सरली. तिचा नवरा फौजेतून पळालेला. ती इथे आहे हे तिकडे फौजेला कळलं असतं, तर तिच्या माहेरच्यांना उचलून नेलं असतं.

"डोळ्याचे फोटो ठेवणार का रे?" म्हातारीनं विचारलं.

"हो खाला, पण कुलपात."

"माझ्याही घराला कुलूप होतं. किल्ली ही बघ कमरेला. घर कुठाय?"

तिनं एक दोरा त्याच्या हातात कोंबला. "सांग, कुणाची कंबर किती?"

तो कानापर्यंत लाल झाला. आम्ही पोट धरून हसलो.

"हा चोरीला गेला तर मी नव्या गाठी बांधीन. हिला नवे डोळे तू देशील?"

हनीननं डोळे दिले नाहीत. तीन आठवडे आमच्या गल्लीनं तिला आपल्यातली रोटी दिली. मग रामी आला. "खाला, गाठींची गोष्ट मी वर सांगितली. फोटो पुसायचे ठरलं. राहतील ते डोळ्यावरून काढून उलटसुलट केलेले आकडे, वाचले तरी न कळणारे. हवे तेव्हा रद्द करून त्याच डोळ्यांचे नवे घेता येतील."

"आत्ता कसं! बस गं हनीन."

वर्षभरानं तोच रामी धापा टाकत आला. "खाला, कचेरीतून नोंदी चोरीला गेल्या."

हनीन उठून पुढे आली.

"फोटो होते?" म्हातारीनं विचारलं.

"एकही नाही. नुसत्या गाठी."

म्हातारीनं हातातलं शिवण खाली ठेवलंही नाही. "मग रडतोस काय? त्या काप आणि नव्या बांध."

दुसऱ्या दिवशी रामीनं जुने आकडे रद्द केले; हनीननं त्याच डोळ्यांनी पुन्हा यंत्रात पाहिलं, आणि रोटी घेऊन घरी आली.