पुतळाबाईंच्या नावातली तीन चाकं

"आमचा रत्नदीप घरी बसून टर्मिनल दुरुस्त करतो," असं पोशीर गावचे चंदर मुलाबद्दल सांगायचे, तेव्हा लोक विचारायचे, "कुठलं, कर्जत स्टेशनचं?"

हे टर्मिनल म्हणजे संगणकावरची काळी खिडकी. तिच्यात चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. पडदा गणिताच्या चौकटीच्या वहीसारखा, एका घरात एक अक्षर. वही इंग्रजीसाठी आखलेली. मग चिनी अक्षरं आली. ती रुंद, म्हणून त्यांना दोन-दोन घरं मिळाली. मराठी काना-मात्रेला वेगळं घर द्यायचं की अक्षराच्याच घरात सामावून घ्यायचं, यावर मात्र अजून एकमत नाही. कोणी कुठल्या घरात राहायचं हा प्रश्न पोशीरला संगणकाच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक होता.

रत्नदीपच्या टर्मिनलमध्ये प्रत्येक काना, प्रत्येक उकार वेगळ्या घरात पडे. असं एकटं चिन्ह दिसलं की संगणक त्याच्याजवळ ठिपक्यांचं वर्तुळ काढतो. अर्थ एवढाच, की इथे एक अक्षर हवं होतं. शिवाय आतला प्रोग्राम घरं एका हिशेबाने मोजणार, खिडकी दुसऱ्याच, आणि कर्सर भलत्याच घरात जाऊन उभा. हे सुधारताना तपासायला रत्नदीप आईचंच नाव लिही.

आई, पुतळाबाई, नाव लिहायला शिकल्या त्या साक्षरता वर्गात, केस पिकल्यावर. त्यानंतर त्यांनी अंगठा कुठेही उठवला नाही. बँकेत गर्दी असली तरी सही सावकाश, पूर्ण.

त्या गेल्या. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे त्यांच्या स्मृतीच्या, कार्यक्रमासाठी बुद्धविहाराच्या अंगणात त्यांच्या नावाचा दगडी बाक ठेवायचं ठरलं. "आडनाव नको," चंदर म्हणाले. "ती सही करायची तसं, नुसतं नाव."

दगड कोरणाऱ्या किशोरकडे 'कालकथित' हा दिवंगतांच्या नावाआधीचा शब्द तयारच असतो. त्याला फक्त नाव हवं होतं. रत्नदीपने समोरच्या काळ्या खिडकीत ते लिहिलं, पडद्याचा फोटो काढला आणि पाठवून दिला. नावात तीन वर्तुळं होती. इतकी पाहिली होती, की डोळ्यांना ती दिसेनाशी झाली होती.

बाक विहारात उतरला तेव्हा दिसली. एक उकाराशी, दोन कान्यांशी. किशोरने ठिपके जोडून त्यांची धम्मचक्रं केली होती, आठ-आठ आऱ्यांची.

"अरे, हे काय केलंस?" रत्नदीपने विचारलं.

"फोटोत हाय तेच केलं. आरे तेवढे माझ्या पदरचे. तुला नाय आवडले?"

"दगड बदल. उद्या कार्यक्रम आहे. आईला एवढंच लिहिता यायचं रे, तेही मी मोडलं."

"मोडलं कुठं? सजलंय की!"

चंदर वाकून नावावर बोट फिरवत होते. उकारापाशी थांबले, मग दोन्ही कान्यांपाशी.

"तीन हायती," ते म्हणाले. "बुद्ध, धम्म, संघ. रत्न्या, तिच्या नावात त्रिशरण घातलंस रं."

रत्नदीप 'चुकून' म्हणणार होता. पण वडील बायको गेल्यापासून पहिल्यांदाच रडत होते, आणि किशोर दगड पुसायला लागला होता.

बाक तसाच राहिला. आता गावातले आणखी दोघे आपल्या माणसांसाठी चाकं मागतात. एकाच्या वडिलांचं नाव कमल. त्यांना चाक का येत नाही, हे किशोरला समजावता आलेलं नाही.

पुढे रत्नदीपने ती दुरुस्ती पुरी केली. खिडकीत आईचं नाव पहिल्यांदा धड उमटलं, सलग, ती लिहायची तसं. वडिलांना दाखवायला त्याने हाक मारली.

चंदर पडद्यावर वाकले. "चाकं कुठं गेली?"

"आता येणार नाहीत, बाबा."

"मग माझ्या येळेला?"

रत्नदीपने दुरुस्तीआधीचं जुनं टर्मिनल संगणकावरून पुसलेलं नव्हतं. त्याने ते उघडलं आणि 'चंदर' लिहिलं. अनुस्वाराशी एक वर्तुळ आलं.

"एकच?"

"एकच."

"तिला तीन, मला एक," चंदर म्हणाले. "बराबर हाय. हे ठेव रं तसंच."

त्याने ठेवलं आहे.