मिथेन, इथेन आणि आमची पाची

मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन... कार्बनच्या संयुगांतल्या या पहिल्या चौघांचीच नावं अशी वेगळी का ठेवली? ती कुठून आली ते मी वाचलंय, पण मोजून नावं ठेवायचा नियम झाल्यावरही ती तशीच का राहिली, ते बी.एस्सी. होऊनही मला सांगता येत नाही. आणि हा प्रश्न काढला कुणी, तर आमच्या पाचीनं!

गेल्या रविवारी सेलूला घरीच मी दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करत होते. हायस्कुलात शिकवायला लागून मला जेमतेम पंधरा दिवस झालेत, आणि सोमवारी सेंद्रिय रसायनशास्त्राचा पहिला धडा होता.

हे शास्त्र म्हणजे कार्बनच्या संयुगांचं. साखर, घासलेट, कापूस... सगळीकडे कार्बन. त्याला चार हात असतात, आणि तो आपल्याच भावंडांचे हात धरून लांबच लांब साखळी करतो.

मुलांना हे दिसावं म्हणून मी मायचं सूप घेतलं. काळा उडीद म्हणजे कार्बन, ज्वारीचा दाणा म्हणजे हायड्रोजन. एक उडीद, भोवती चार दाणे... मिथेन. दोन उडीद, सहा दाणे... इथेन.

पाची शेजारी बसून दाणे मोजून देत होती. सहा वर्षांची, आम्हा बहिणींत पाचवी. आम्हा चौघींची बारशी झाली, हिचं कुणी केलंच नाही... पाचवी म्हणून पाची.

सोमवारीच तिलाही शाळेत घालायचं होतं. गेल्या दसऱ्याला आम्ही नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हापासून माझं ठरलं होतं की शाळेत हिचं नाव सुजाता लिहायचं. माझ्या बहिणीला जन्मभर कुणी आकड्यानं हाक मारू नये.

प्रोपेन, ब्युटेन झाल्यावर मी पाचवा उडीद ठेवला आणि सांगितलं, हा पेंटेन. ग्रीक भाषेत पेंटे म्हणजे पाच. इथून पुढची नावं मोजूनच... सहाचा हेक्झेन, सातचा हेप्टेन.

"पयल्या चौघायले नावं, आन पाचव्याले गिनती काऊन? आपल्या घरच्यावानीच," पाची म्हणाली.

चुलीपाशी मायचा हात थांबला. तेव्हा कोणाले हौस होती बारशाची, असं काहीसं ती पुटपुटली. मी घाईघाईनं सुजाता हे नाव सांगून टाकलं. उद्यापासून तुझं हेच नाव.

पाची सुपाकडेच बघत होती. ब्युटेनमध्ये उडीद किती, ते नावावरून कळते का, तिनं विचारलं. म्हटलं, नाही, ते पाठ करावं लागतं. आणि पेंटेनमध्ये? पाच... नावातच आहे की.

"मंग माह्यंच बरं हाये ना, ताई. तुमचं चौघीचं पाठ करा लागते. माह्यं आयकलं का समजते."

माय इतकी हसली की तिला ठसका लागला. जे पुसून टाकायला मी इतके महिने धडपडत होते, ते ही पोरगी ऐटीत मिरवत होती.

तरी मी दोनदा विचारून पाहिलं. सुजाता तिला नकोच होतं. शेवटी मायनं तोड काढली, पाचफुला म्हणा. ते तिला पटलं... त्यात पाचही होता आणि वर फुलंही.

सोमवारी माझ्या तासाआधी मी तिला प्राथमिक शाळेत घेऊन गेले. गुरुजींनी नाव विचारलं, ते तिनंच खणखणीत सांगितलं, आणि प्रवेशाच्या अर्जावर मी माझ्या हातानं लिहिलं... पाचफुला.