जर्मनच्या पातेल्यातले चुंबक

आमची आत्या चुंबक उकळून घ्यायची. लाखनीला महामार्गाच्या कडेला तिचे मोटार दुरुस्तीचे दुकान होते. ई-रिक्षांच्या बिनब्रशच्या मोटारी तिथे यायच्या. अशा मोटारीच्या फिरत्या भागावर चुंबकाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, आणि गाडीचा सगळा जोर त्यांच्यावर. नवी पट्टी आली की आत्या ती शेजारच्या चहाच्या टपरीवर नेऊन खळखळत्या पाण्यात टाकायची. पातेले जर्मनचेच, म्हणजे अॅल्युमिनियमचेच लागे, कारण लोखंडाला पट्टी सोडता सोडत नसे. टपरीवाल्याने तिच्यासाठी एक पातेले वेगळे ठेवले होते, तरी नवे गिऱ्हाईक आपल्या कपात डोकावून बघायचेच. ट्रकवाले तिला उकळीबाई म्हणत.

तिची परीक्षा सोपी होती. आधी थंड चुंबकाला खिळा चिकटवायचा, त्याला दुसरा, त्याला तिसरा, अशी माळ लोंबवायची. मग उकळी, मग चुंबक पूर्ण निवू द्यायचा, आणि पुन्हा माळ. काही चुंबकांची माळ आखूड व्हायची आणि आखूडच राहायची. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझा विश्वास बसेना. निवल्यावर जोर परत का येत नाही? आत्या म्हणाली, "गेला तो गेला, पोरी. थंडपणी सगळेच ओढतेत. मोटारीच्या पोटात उन्हाळ्यात काय होते, ते त्याले आत्ताच समजू दे."

मी चिखल्याच्या खाणकामगारांच्या वस्तीत वाढले. बाबा कामगारांच्या हक्कांसाठी पत्रके काढायचे, आणि मी अक्षरे शिकले ती त्या पत्रकांवरच. त्यामुळे गरिबाच्या गाडीत निकृष्ट माल घालणे ही चोरी आहे, हे मला कुणी समजवावे लागत नाही. आजही त्यात मी एक शब्द कमी करणार नाही. आत्याला मात्र चोरापेक्षा चुंबकाची उत्सुकता जास्त. असा माल विकणाऱ्यावर मी लिहिलेले पत्रक तावातावाने वाचून दाखवले की ती विचारायची, "हे त्या दुकानदाराच्या तोंडावर वाचशीन? का इथंच?" तोंडावर वाचण्यासारखे नसेल ते वाक्य मी खोडायचे.

सरजाबाईची गाडी आली तेव्हा मी दुकानातच होते. सरजाबाई ढिवराची, आत्याच्याच गावची. तलावातली मासोळी क्रेटमध्ये भरून रिक्षाने लाखनीच्या बाजारात आणायची, पहाटे एक खेप आणि दुपारी एक. एका उन्हाळ्यानंतर गाडी दुपारी रडायला लागली. बॅटरी बदलली, तरी रडणे तेच. तलावाच्या पाळीवरचा, म्हणजे बांधावरचा चढ चढेना आणि मासोळी उन्हात नासायची.

"गाडी इकतो आन् घरी बसतो," ती म्हणाली. "दुसरं काय करू?"

"थांब वो माय," आत्या म्हणाली, "आधी पोट तर पाहू तिचं." मोटार उघडली. चुंबक जागेवर होते, चकचकीत होते, पण खिळ्यांची माळ दोन खिळ्यांतच तुटली.

नवे चुंबक दाखवायला नागपूरहून एक विक्रेता आला. त्याने लोखंडी टेबलावर जी पट्टी ठेवली ती पक्कड घेऊनही सुटेना. सरजाबाईचे डोळे चमकले. "हाच घ्या बाई! हा तर पाळ काय, डोंगर चढवन."

आत्या पट्टी घेऊन टपरीकडे निघाली. विक्रेता मागे धावला. "मॅडम, हे काय चहापत्ती आहे का?"

"चहापत्तीले रंग तरी सुटते, भाऊ. पाहू याचं काय सुटते."

निवल्यावर माळ निम्मी झाली. टपरीवरचे ट्रकवाले हसले. विक्रेत्याने बॅगेतून दुसरी पट्टी काढली. त्याच जातीची, पण उष्णता सोसावी म्हणून तिच्यात आणखी एक धातू मिसळलेला. थंडपणी तिची माळ पहिलीपेक्षा आखूड, पण उकळीनंतरही तेवढीच. मी स्पीकरमधला काळा चुंबक पुढे केला, तो तर उकळीला मुळीच भीत नाही. आत्या म्हणाली, "खरा हाय बिचारा. पन त्याच्या जोरानं चढाले मोटार केवढी मोठी लागन? मंग मासोळी कुठं ठेवन ते, डोक्यावर?"

आत्याने त्या दुसऱ्या पट्टीसारख्याच पट्ट्या मोटारीत बसवल्या. पहिल्या दिवशी सकाळी आम्ही भरलेले क्रेट घेऊन पाळीवर गेलो. गाडी चढली, पण बैलासारखी, सावकाश. सरजाबाई भडकली. "उकळीत नाव काढलं त्यानं, पाळीवर नाई! काहून आयकलं मी तुमचं?"

"दुपारी ये," एवढेच आत्या म्हणाली.

दुपारी पाळीवरची माती पायाला भाजत होती. तेच क्रेट, तोच चढ. गाडी तितक्याच सावकाश निघाली आणि तितक्याच सावकाश माथ्यावर पोचली. आत्याने वाकून मोटारीवर हात ठेवला, चटक्याने लगेच उचलला, आणि म्हणाली, "हं." खूश झाली की ती एवढेच बोलायची.

सरजाबाईने पदराने तोंड पुसले. "सकायची चाल दुपारी ठेवते, म्हंजे आमच्या बुढ्यापरीस बरा हाय." गाडी तिने विकली नाही.

गेल्या मे महिन्यात भर दुपारी आत्याला दम लागला. मी गावी तिच्याच घरी होते. अॅम्ब्युलन्सची वाट बघणे जमेना, तेव्हा सरजाबाईने रिक्षातले क्रेट खाली फेकले आणि आत्याला आत घेतले. मी तिचे डोके मांडीवर धरून बसले. पाळ जवळ आली. आत्याचे डोळे मिटलेले होते. चढ लागल्यावर तिने ते उघडले.

"हात लावून पाह्य," ती पुटपुटली.

मी सीटखालच्या फटीतून मोटारीला हात लावला. "चटका बसला, आत्या."

"आन् चाल?"

मी बाहेर पाहिले. पाळीवरची सिंदीची झाडे एकेक करून मागे जात होती, नेहमीसारखी, सावकाश.

"तेवढीच हाय, आत्या."

"हं," ती म्हणाली.

दवाखान्यात पोचलो तेव्हा ती होती. दोन दिवसांनी गेली. आमच्यात शेवटचे बोलणे झाले ते पाळीवरचेच.