लीमाची 'सी'

मार्च महिन्यात मोहाखाली टोपली घेऊन बसलं की एक गंमत होते. सगळी फुलं वेचून झाली म्हणून कंबर सरळ करावी, मागे वळून पाहावं, तर पुन्हा तेवढीच पडलेली! लीमाच्या किश्शांचं तसंच झालं आहे. आमच्या यमुनाबाई आणि कवडूभाऊ तिथून परत आले त्याला बरेच दिवस झाले, पण अजूनही चहाच्या कपामागे एखादा नवा किस्सा टपकतोच.

मी स्वतः गेले नाही. माझा सगळ्यात लांबचा प्रवास वरोऱ्यापर्यंत, तोही भाचीच्या लग्नासाठी. पण यमुनाबाई माझ्या शेजारीण. आमच्या दोन अंगणांमधल्या तुराट्यांच्या कुंपणाला एक भगदाड आहे, ते मीच पाडलं आहे. त्यामुळे लीमात काय काय घडलं, ते मला तिथल्या महापौरापेक्षा जास्त माहीत आहे!

यमुनाबाई गावच्या बचत गटाच्या अध्यक्ष. मोहफुलं भाजून, त्यात तीळ आणि जवस कुटून त्या लाडू करतात. हे लाडू आमच्या आश्रमशाळेतल्या लेकरांना नाश्त्याला मिळावेत, एवढंच त्यांचं मागणं. दोन वर्षांपूर्वी तालुक्याच्या साहेबांकडे अर्ज आणि लाडवांचा डबा घेऊन गेल्या. साहेबांनी 'मोहा' शब्द ऐकला, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाले, "मोहा म्हणजे दारू! शी!"

डबा परत. अर्ज परत. त्या दिवशी यमुनाबाई जेवल्या नाहीत. मी पाहिलं ना भगदाडातून!

मग यंदा पुण्याच्या एका संस्थेच्या मॅडम आल्या. म्हणाल्या, लीमा नावाच्या शहरात जंगलातल्या खाण्याचा मोठा मेळा आहे, तिथे हे लाडू घेऊन चला. बचत गटाच्या यमुनाबाई आणि वनहक्क समितीचे कवडूभाऊ, अशी दोन नावं ठरली.

*

पहिला घोटाळा गावातच झाला. मॅडम म्हणाल्या, "लीमा ही पेरूची राजधानी आहे."

आता पुण्याकडे ज्याला पेरू म्हणतात, त्याला आम्ही जांब म्हणतो. हे यमुनाबाईंच्या सासूला माहीत. म्हातारीने दोन दिवस विचार केला आणि मग सुनेला म्हणाली, "काऊन वो, जांब खायले इतक्या दूर जाऊन राह्यली? आपल्या वाडीतला काय किडला?"

पण खरी मजा लीमाच्या बाजारात झाली. कवडूभाऊंना तिथे जांब दिसले. मोठ्या शहरात मोठा शब्द वापरावा म्हणून त्यांनी फळवालीला पुण्याच्या मराठीत विचारलं, "पेरू?"

फळवाली खूश! दोन्ही हात पसरून म्हणाली, "पेरू!"

कवडूभाऊंनी जांबाकडे बोट केलं. "पेरू?"

तिने आंब्याकडे, मक्याकडे, बटाट्याकडे, शेवटी स्वतःच्या छातीकडे बोट केलं. "पेरू! पेरू! पेरू!"

कवडूभाऊ मॅडमजवळ परत आले. "मॅडम, या बाईले फळं ओळखता येत नाई. दुकान कशी चालवत असन?"

*

त्याआधीचा विमानतळावरचा किस्सा राहिलाच. लीमाला उतरल्यावर एक वर्दीवाला कुत्रा घेऊन उभा होता. कुत्र्याने शंभर लोकांच्या बॅगा हुंगल्या आणि सोडून दिल्या. यमुनाबाईंच्या बॅगेपाशी आला आणि तिथेच बसला. हलेना!

मॅडमनी मेळ्याची पत्रं दाखवली, डबा उघडला, वर्दीवाल्याने लाडू उलटापालटा करून पाहिला आणि शेवटी जाऊ दिलं. कुत्रा मात्र डब्याकडे पाहत शेपूट हलवतच राहिला.

कवडूभाऊ म्हणाले, "पायलं का, यमुनाबाई? कुत्र्याले समजलं, आपल्या साहेबाले नाई समजलं!"

*

लीमात समुद्र आहे, उंच कडे आहेत, शहराच्या मधोमध मातीच्या विटांचा जुनाट डोंगराएवढा ओटा आहे. अंगावर केस नसलेल्या कुत्र्यांना लोक स्वेटर घालून फिरवतात. हे सगळं यमुनाबाई एका वाक्यात सांगून मोकळ्या होतात. कवडूभाऊंना मात्र एकच गोष्ट लागून राहिली : तिथलं आभाळ!

कवडूभाऊ धानाचे शेतकरी. सकाळी उठले की आधी वर पाहतात. लीमात पहिल्या सकाळी पाहिलं तर आभाळ गच्च भरलेलं. "आज पडते," म्हणाले आणि दिवसभर छत्री घेऊन हिंडले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी टॅक्सीवाल्याने मॅडमला सांगितलं, इथे असंच असतं, पाऊस कधी पडतच नाही. सकाळी थोडं भुरभुरतं, तेवढंच.

कवडूभाऊ खिडकीतून बराच वेळ वर पाहत बसले. मग म्हणाले, "रोज भरून येते, पडत काहीच नाई. हे तं आपल्या साहेबाच्या हापिसावरचं आभाळ आहे!"

*

जेवणाचं काय विचारता! पहिल्या दुपारी बशीत मासा आला. लिंबू पिळलेलं, कांदा घातलेला, सगळं छान. कवडूभाऊंनी घास घेतला आणि थांबले. मासा कच्चा! शिजवलेलाच नाही, नुसता लिंबात मुरवलेला. बोडीतल्या, म्हणजे गावतळ्यातल्या, माशाचा रस्सा खाणारा माणूस, पण यजमानाला वाईट वाटू नये म्हणून बशी संपवली. नंतर मॅडमना हळूच म्हणाले, "त्याहीले सांगा, सिलिंडर संपला असन तं मी लाकडं फोडून देतो."

*

शहरातल्या लहान बसगाड्यांवर मात्र यमुनाबाई फिदा! दारात लटकलेला कंडक्टर गावांची नावं ओरडतो, बायाबापड्यांना हाताला धरून आत ओढतो, गाडी भरली तरी आणखी चार घेतो. "सुबे, सुबे, सुबे!" असं तो ओरडला. म्हणजे चढा, चढा. मॅडम अर्थ सांगेपर्यंत यमुनाबाई चढून बसल्याही होत्या.

"तुम्हाला कसं कळलं?" मॅडमनी विचारलं.

"त्यात काय समजायचं? नागभीडच्या काळी-पिवळी जीपवाल्याचा भाऊच तो!"

एवढं म्हणून त्यांनी शेजारच्या जाड्या गृहस्थाला कोपर लावलं. "सरक ना बाप्पा थोडासा." आणि तो सरकला!

*

कवडूभाऊंनी तर त्याहून कमाल केली. मेळ्यात डोंगरातून आलेली एक म्हातारी होती. डोक्यावर टोपी, दोन लांब वेण्या, पाठीला बांधलेलं गाठोडं. गाठोड्यात रंगीबेरंगी बटाटे! कवडूभाऊ समोर गेले, हात जोडून म्हणाले, "जोहार!"

ती तिच्या भाषेत काहीतरी बोलली. हे गोंडीत बोलले. दोघं जमिनीवर मांडी घालून तासभर बसले. मॅडमलाही तिची भाषा येईना, मग दुसरं कोण सांगणार?

मी कवडूभाऊंना तीनदा विचारलं, "काय बोलले एवढं?"

"तिच्या गावालगतचं जंगल कोणाले तरी पाहिजेन म्हणे."

"तुमाले कसं समजलं?"

"बाई, ते बोलताना मान खाली घालत होती. मीबी मीटिंगमधी तसाच बोलतो."

*

आता मुख्य गोष्ट. आमच्या बोलीत 'श' फारसा कोणी उच्चारत नाही. शेताचं सेत होतं, शाळेची साळा होते. आणि लेकराने शेणात हात घातला की आई ओरडते, "सी!"

मेळ्याच्या दिवशी यमुनाबाईंनी टेबलावर लाडू मांडले. मॅडम कागदपत्रांसाठी दुसऱ्या हॉलमध्ये गेलेल्या. पहिली गोरी बाई आली. लाडू तोंडात घातला, डोळे मिटले आणि म्हणाली, "सी!"

दुसरा आला, खाल्लं, "सी, सी!" तिसरी आली, चवथा आला. जो खाईल तो "सी! सी! सी!" आणि वर हात पुढे करून दुसरा लाडू मागतोय!

"कसे लोक आहेत वो माय," यमुनाबाई कवडूभाऊंना म्हणाल्या, "सी बी म्हणते अन् उचलते बी!"

शेवटी त्यांना सहन होईना. सातासमुद्रापलीकडे येऊन पुन्हा तेच ऐकायचं? त्यांनी ताट उचललं, टेबलाखाली ठेवलं आणि वर पदर टाकून बसल्या. समोर रांग वाढतेय, लोक वाकून वाकून टेबलाखाली बोटं दाखवताहेत, "सी! सी!" आणि यमुनाबाईंच्या डोळ्याला धार!

मॅडम धावत आल्या. "अहो, काय करताय? 'सी' म्हणजे हो! यांच्या भाषेत 'सी' म्हणजे हो, हो, छान!"

यमुनाबाईंनी पदराने डोळे पुसले. ताट वर आलं. दुपारच्या आत लाडू संपले! शेवटचा एक कवडूभाऊंनी अडकित्त्याने कापून आठ जणांना वाटला. संध्याकाळी स्टेजवर बोलावून यमुनाबाईंच्या खांद्यावर लाल शाल टाकली. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. ती शाल मी हाताने चाचपून पाहिली आहे. उबदार आहे.

*

परत आल्यावर गावात सत्कार ठेवला. मांडव टाकला, आश्रमशाळेची पोरं पुढच्या रांगेत बसवली. प्रमुख पाहुणे कोण? तेच तालुक्याचे साहेब!

साहेबांनी भाषण केलं. "यमुनाताईंच्या लाडवांवर माझा पहिल्यापासून विश्वास होता," म्हणाले. माझ्या मागे कोणीतरी खोकलं. यमुनाबाईंनी लाडवांचं ताट पुढे केलं. एवढ्या लोकांसमोर साहेब नाही कसं म्हणणार? घेतला. खाल्ला. थांबले. मग दुसरा स्वतःहून उचलला.

"वा!" साहेब म्हणाले. "बरं, तिथले परदेशी लोक खाऊन काय म्हणाले?"

"सी म्हणे साहेब."

साहेबांचा हात तोंडापाशीच थांबला. "शी?"

"हो ना. मोठमोठे लोक सी म्हणे. तिथं 'सी' म्हणजे हो." यमुनाबाईंनी पदराखालून दोन वर्षांपूर्वीचा तोच अर्ज काढला आणि साहेबांपुढे ठेवला. "तुमी तं तवाच सी म्हटलं होतं, साहेब! आमीच अडाणी. आमाले समजलं नाई."

कवडूभाऊंनी खिशातला पेन काढला, टोपण उघडलं आणि पुढे धरला. मांडवात कोणीतरी सुरुवात केली. मला वाटतं मीच. मग सगळ्या बाया, मग सगळी पोरं, टाळ्यांच्या ठेक्यावर, "सी! सी! सी! सी!"

साहेबांनी डाव्या हातातला लाडू खाली न ठेवता उजव्या हाताने सही केली.